पावसाचे नातेसंबंध : जाल-सिद्धांताच्या नजरेतून मान्सून

जयपूरच्या पश्चिमेस वसलेले वैशाली नगर हा या शहराचा तुलनेने नवा, भरभराटीचा भाग. रुंद रस्ते, आम्रपाली सर्कलभोवतीची गजबजलेली बाजारपेठ, जागोजागी बँकांच्या शाखा आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून नोकरी-व्यवसायानिमित्त येऊन स्थिरावलेली कुटुंबे, असे त्याचे स्वरूप आहे. जुलै महिन्यात येथे एक अनुभव वारंवार येतो. दुपारी आभाळ भरून येते, अर्धा-पाऊण तास मुसळधार सर कोसळते, रस्त्यांना ओढ्याचे रूप येते. आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आप्तांना दूरध्वनी केला तर तिकडे केवळ धूळ उडत असल्याचे समजते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘जयपूरचा पाऊस’ म्हणून जो आकडा प्रसिद्ध होतो, तो बहुधा सांगानेर विमानतळावरील पर्जन्यमापकाचा असतो. वैशाली नगरपासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर आहे. या आकड्याचा वैशाली नगरातील सरीशी कितपत संबंध जोडावा?

याच्या अगदी उलट अनुभवही याच वसाहतीत घरोघरी येतो. जयपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आज मुख्य आधार आहे तो टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरचा बिसलपूर बांध. एके काळी ही जबाबदारी रामगढच्या तलावाकडे होती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती या तलावात झाल्या होत्या. पुढे तो कोरडा पडला. बनास उगम पावते ती कुंभलगडच्या परिसरात आणि राजसमंद, भीलवाडा असा प्रवास करीत बिसलपूरला येते. म्हणजे वैशाली नगरातील नळाला येणारे पाणी वैशाली नगरातील सरीवर फारसे अवलंबून नाही. ते शेकडो किलोमीटर दूर मेवाडात पडलेल्या पावसावर अवलंबून आहे. बारा किलोमीटरवरचा पाऊस परका वाटावा आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरचा पाऊस घरचा ठरावा, असा हा प्रकार आहे. पावसाच्या बाबतीत ‘जवळ’ आणि ‘दूर’ या शब्दांचा अर्थ नकाशावरून ठरत नाही, तो निराळ्या रीतीने ठरवावा लागतो. गेल्या सुमारे दोन दशकांत शास्त्रज्ञांनी या कामी जे गणित वापरात आणले आहे, त्याला ‘जटिल जाल-सिद्धांत’ असे म्हणता येईल.

वाऱ्याच्या परीक्षेपासून वॉकरपर्यंत

एका ठिकाणच्या निरीक्षणावरून अन्य ठिकाणच्या, किंवा पुढील काळातील पावसाचा अंदाज बांधण्याची धडपड या शहराला नवी नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या जंतरमंतर वेधशाळेत आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास ज्योतिर्विद मंडळी सम्राट यंत्राच्या माथ्यावर ध्वज घेऊन चढतात आणि वाऱ्याची दिशा पाहून वर्षाचे पर्जन्यमान वर्तवितात. सुमारे २७ मीटर उंचीच्या त्या दगडी यंत्रावरील हा सोहळा आजही होतो. महाराष्ट्रात पंचांगातील नक्षत्रांची वाहने पाहून मृगात बेडूक आहे की म्हैस, यावरून पावसाची अटकळ बांधली जाते. त्याच कुळातील ही परंपरा होय. तिच्या अचूकतेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मात्र हवा ही स्थानिक गोष्ट नसून ती कोठून तरी येते व कोठे तरी जाते, ही जाणीव त्या ध्वजामागे निश्चितच आहे.

आधुनिक काळात या जाणिवेला गणिताची जोड मिळाली ती एका मोठ्या आपत्तीनंतर. १८९९ साली मान्सूनने दगा दिला आणि राजपुताना, गुजरात, मुंबई इलाख्यातील दख्खन, वऱ्हाड-मध्यप्रांत व हैदराबाद संस्थान अशा विस्तीर्ण पट्ट्यात एकाच वेळी दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मधील हा दुष्काळ राजस्थानात ‘छप्पनिया काळ’ या नावाने आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात येतो. बंगाल-आसामच्या मोठ्या भागाला मात्र त्याची झळ पोहोचली नाही. जोधपूर आणि अमरावती यांचे पावसाच्या बाबतीत काही नाते आहे आणि ते नाते जोधपूर व गुवाहाटी यांच्यात नाही, हे त्या वर्षाने फार मोठी किंमत घेऊन दाखविले. त्या वेळचे वेधशाळा-प्रमुख सर जॉन इलियट यांच्या अंदाजात या संकटाची चाहूल नव्हती.

१९०४ मध्ये त्यांच्या जागी आलेले गिल्बर्ट वॉकर हे हवामानतज्ज्ञ नव्हते. ते केंब्रिजचे गणिती होते. (बूमरँगच्या उड्डाणावरील अभ्यासामुळे मित्रमंडळी त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणत.) हवामानाचे भौतिक नियम त्या काळी फारसे उलगडलेले नव्हते, तेव्हा त्यांनी आकड्यांनाच बोलते करावयाचे ठरविले. जगभरातील ठिकाणांचा वायुदाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी मागवून, कारकुनांच्या ताफ्याकरवी हातांनी आकडेमोड करून कोणत्या दोन ठिकाणांच्या नोंदी बरोबरीने चढतात-उतरतात, हे ते शोधत राहिले. प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यावरील वायुदाब तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणे खाली-वर होतात, हे त्यातून निष्पन्न झाले. ‘सदर्न ऑसिलेशन’, म्हणजेच दक्षिणी आंदोलन, हे नाव त्यांनीच दिले. आज ज्या ‘एल निनो’चे नाव प्रत्येक उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते, त्याचे हे दुसरे अंग.

वॉकर यांची पद्धत जोडी-जोडीने चालणारी होती. एक ठिकाण, दुसरे ठिकाण, त्यांच्यातील संबंध. मग पुढची जोडी. अशा असंख्य जोड्यांचे मिळून जे चित्र तयार होते, त्याकडे एकत्रित पाहण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

जाळे म्हणजे नेमके काय?

ते साधन गणिताच्या एका निराळ्या दालनात तयार होत होते. १७३६ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी क्योनिग्सबर्ग शहरातील सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरफटका मारता येईल काय, या कोड्याचे उत्तर दिले (ते नकारार्थी होते) आणि ते देताना रस्ते, अंतरे, नदीची रुंदी हे सारे बाजूला सारून केवळ ‘बिंदू’ आणि त्यांना जोडणारे ‘दुवे’ एवढेच शिल्लक ठेवले. या शाखेला खरी गती मिळाली ती १९९८-९९ मध्ये. डंकन वॉट्स व स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी दाखविले की, शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी जोडलेल्या जाळ्यात लांब पल्ल्याचे मोजके दुवे घातले तरी सारे जाळे एकदम ‘लहान’ होते, कोठूनही कोठेही थोड्या टप्प्यांत पोहोचता येते. पाठोपाठ आल्बर्ट-लास्लो बाराबासी व रेका आल्बर्ट यांनी अनेक प्रत्यक्ष जाळ्यांत थोड्याच बिंदूंकडे प्रचंड संख्येने दुवे एकवटतात, हे निदर्शनास आणले.

बँकेच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. देशभरातील शाखा हे बिंदू आणि त्यांच्यातील व्यवहार हे दुवे मानले, तर कोणत्या शाखेचे किती शाखांशी व्यवहार आहेत, ही झाली त्या बिंदूची ‘दुवासंख्या’. एखाद्या शाखेशी व्यवहार करणाऱ्या शाखा आपापसांतही व्यवहार करतात काय, यावरून ‘घट्टपणा’ कळतो. तिसरे माप अधिक मनोरंजक आहे. एखाद्या शाखेच्या ठेवी बेताच्या असतील, तिचे थेट संबंधही मोजके असतील. पण दोन विभागांमधील बहुतेक व्यवहार तिच्याच मार्गे जात असतील, तर ती एक दिवस बंद पडल्यास काय गोंधळ होईल, हे कोणताही अनुभवी अधिकारी सांगू शकेल. अशा बिंदूला ‘मध्यस्थ’ म्हणता येईल. ताळेबंद पाहून त्याचे महत्त्व कळत नाही. त्यासाठी जाळे पाहावे लागते.

पावसाचे जाळे विणताना

पावसाच्या बाबतीत बिंदू म्हणजे पर्जन्यमापक केंद्रे, किंवा नकाशावर आखलेल्या चौकटी. भारतीय हवामान विभागाच्या पुणे येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींच्या आधारे १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस पाव अंशाच्या, म्हणजे बाजू सुमारे २७ किलोमीटर असलेल्या चौकटींत मांडून दिला. असे समजा ५,००० बिंदू घेतले, तर त्यांच्या जोड्या होतात १,२४,९७,५००. वॉकर यांच्या कारकुनांना अनेक जन्म पुरले नसते असे हे काम आज एक साधा संगणकही पार पाडतो.

खरी अडचण निराळीच आहे. बिंदू डोळ्यांना दिसतात. दुवे दिसत नाहीत. दोन शाखांमध्ये व्यवहार झाला की त्याची नोंद असते. जयपूरचा पाऊस आणि नागपूरचा पाऊस यांच्यात ‘व्यवहार’ झाला, हे कशावरून ठरवावयाचे? संख्याशास्त्रातील नेहमीचा सहसंबंध-गुणांक येथे काहीसा अपुरा पडतो. जयपुरात वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही तीस-पस्तीस दिवसांतच. उरलेले दिवस शून्याचे. त्यातही एखादाच दिवस सारे गणित उधळून लावतो. जुलै १९८१ मध्ये जयपुरात चोवीस तासांत ३२६ मिलिमीटर पाऊस कोसळला, म्हणजे अर्ध्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. अशा आकड्यांची सरासरी आणि सहसंबंध काढणे म्हणजे एका धनाढ्य खातेदारावरून साऱ्या शाखेची सांपत्तिक स्थिती ठरविण्यासारखे आहे.

यावरचा उपाय अनपेक्षित दिशेने आला. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील विद्युत्-लहरी एकमेकींच्या तालात आहेत काय, हे तपासण्यासाठी रोड्रिगो किआन किरोगा, थॉमस क्रॉइझ व पीटर ग्रासबर्गर यांनी २००२ मध्ये ‘घटनांचे समकालन’ मोजण्याची रीत सुचविली. लहरीची उंची किती, याकडे तिचे लक्ष नाही. ठळक घटना कधी घडली, एवढेच ती टिपते. पावसाला ही रीत चपखल बसली. प्रत्येक ठिकाणच्या पर्जन्यदिनांपैकी सर्वांत जोरदार दहा टक्के दिवस तेवढे ‘घटना’ म्हणून निवडावयाचे आणि एका ठिकाणी घटना घडल्यानंतर किंवा घडण्यापूर्वी थोड्या अवधीत दुसऱ्या ठिकाणीही ती घडते काय, हे मोजावयाचे. यात आणखी एक सोय अशी की, जोरदार म्हणजे काय, ते त्या-त्या ठिकाणच्या मानाने ठरते. महाबळेश्वरला जो किरकोळ पाऊस, तो बाडमेरला पूर.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, दहा पावसाळ्यांतील १,२२० दिवसांत ‘अ’ व ‘ब’ या दोन ठिकाणी प्रत्येकी ४० जोरदार घटना घडल्या. त्यांपैकी २४ घटना अशा की, त्याच दिवशी किंवा एक दिवस मागे-पुढे दुसरीकडेही घटना आहे. २४ हा आकडा मोठा की लहान? ‘ब’च्या ४० घटनांभोवतीचे तीन-तीन दिवस धरले तर ते होतात १२०, म्हणजे एकूण दिवसांच्या सुमारे दहावा हिस्सा. तेव्हा दोहोंचा काडीमात्र संबंध नसता, तरीही ‘अ’च्या ४० पैकी सुमारे ४ घटना योगायोगानेच जुळल्या असत्या. ४ च्या ठिकाणी २४ जुळतात, म्हणून येथे दुवा आहे असे मानावयाचे. ५ जुळल्या असत्या तर तो दुवा धरता आला नसता. प्रत्यक्षात ही कसोटी अधिक कसोशीने लावतात. घटनांच्या तारखा संगणकात पुनःपुन्हा पिसून, केवळ नशिबाने किती जुळणी होऊ शकते हे आधी पाहतात आणि त्याहून स्पष्टपणे वरचढ असलेले दुवेच ठेवतात. सव्वा कोटी जोड्या तपासावयाच्या असतील तेव्हा हे अपरिहार्य असते; एवढ्या गर्दीत निव्वळ योगायोगही हजारोंनी सापडतात.

जाळ्यात काय गवसले?

हवामानाला जाळ्याच्या रूपात पाहण्याची सुरुवात २००४ मध्ये अनास्तासिओस त्सोनिस व पॉल रोएबर यांनी केली. मान्सूनच्या पावसाचे असे जाळे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निशांत मलिक, बोडो बुकहागेन, नॉर्बर्ट मार्वान व युर्गेन कुर्ट्स यांनी १९५१ ते २००७ या काळातील दैनंदिन नोंदींवरून विणले. त्यानंतर २०१४ मध्ये वेरोनिका स्टोलबोवा व सहकाऱ्यांनी मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर अशा तीन काळांची स्वतंत्र जाळी विणून त्यांची तुलना केली. त्यात तीन प्रदेश ठळकपणे पुढे आले : उत्तर पाकिस्तान, पूर्वघाट आणि तिबेटचे पठार. या प्रदेशांतील विशिष्ट आकृतिबंध मान्सूनपूर्व काळात दिसू लागतात, पावसाळ्यात बदलत जातात आणि तो संपताच विरून जातात.

मान्सूनविषयी विचार करताना आपली नजर स्वाभाविकपणे केरळकडे लागलेली असते. अरबी समुद्राचे वारे, सह्याद्रीचा कडा, कोकणातील धुवाधार पाऊस हे मराठी मनाच्या परिचयाचे. उत्तर पाकिस्तानात तर कोकणाच्या मानाने पाऊस पुष्कळच कमी पडतो. असे असता जाळ्यात त्याला इतके महत्त्व का? येथे मघाचा ‘मध्यस्थ’ आठवावा. हा प्रदेश दोन निराळ्या व्यवस्थांच्या वेशीवर आहे. हिवाळा-उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ तेथवर पोहोचतात आणि पावसाळ्यात मान्सूनचे राज्य तेथवर जाऊन थांबते. पेशावर ते विशाखापट्टणम अशी रेषा नकाशावर ओढली तर ती जयपूरपासून फार दूरून जात नाही; अर्थात या योगायोगातून काही अर्थ काढण्याचे कारण नाही.

याच निष्कर्षावर पुढील पाऊल २०१६ मध्ये पडले. स्टोलबोवा, एलेना सुरोव्यात्किना, बुकहागेन व कुर्ट्स यांनी उत्तर पाकिस्तान व पूर्वघाट येथील तापमान व आर्द्रता यांच्या आधारे पूर्वघाट परिसरातील मान्सूनचे आगमन सुमारे ४० दिवस आधी आणि माघार सुमारे ७० दिवस आधी वर्तविण्याची पद्धत मांडली. मागील अनेक दशकांच्या नोंदींवर ती पडताळली असता आगमनाचा अंदाज ७० टक्क्यांहून अधिक वर्षी आणि माघारीचा ८० टक्क्यांहून अधिक वर्षी बरोबर ठरला. हे यश कितीही उत्साहवर्धक असले, तरी ते एका विशिष्ट प्रदेशापुरते आणि तारखांपुरते आहे. पाऊस किती पडेल, हे त्यातून कळत नाही.

विदेशातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मध्यभागी, पूर्व उतारावर, अतिवृष्टी होऊन पूर येतात. तेथील बाष्प उत्तरेकडून, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यावरून येते, म्हणून इशाराही उत्तरेकडूनच मिळावा अशी अपेक्षा. निकलास बोअर्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जाळ्यातील दुव्यांना दिशा दिली (आधी कोठे, नंतर कोठे), तेव्हा आढळले की अतिवृष्टीची लाट नेमकी उलटी, आग्नेयेकडून, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकत येते. दक्षिणेकडून येणारी थंड हवेची आघाडी तिला कारण होते. या ज्ञानाच्या आधारे तेथील ६० टक्क्यांहून अधिक अतिवृष्टीच्या घटनांचा आगाऊ अंदाज बांधता येतो, आणि एल निनोच्या वर्षी ९० टक्क्यांचा, असे त्यांनी दाखविले. याच बोअर्स यांनी २०१९ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून साऱ्या जगाचे जाळे तपासले. सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंतचे दुवे अंतराबरोबर एका ठरावीक नियमाने घटत जातात. त्यापलीकडे मात्र अपेक्षेपेक्षा अधिक दुवे आढळतात. युरोपातील अतिवृष्टीनंतर सुमारे पाच दिवसांनी उत्तर भारताच्या बाजूला अतिवृष्टी होण्याचा कल, आणि मधल्या देशांत मात्र काहीच नाही, असा एक लांबलचक दुवा त्यात सापडला. उंचावरील हवेतील नागमोडी लहरी हे त्यामागचे कारण होय.

जाळ्यातून निसटणारे

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण आकर्षक चित्रांमागे त्या सहज झाकल्या जातात. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरू शकत नाहीत. त्या दिवशीच्या नोंदीत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. दोन वेधशाळांत अंतर काय ते विशी-पंचविशीतल्या किलोमीटरचे. सत्तावीस किलोमीटरच्या चौकटीत पावसाची सरासरी मांडणाऱ्या जाळ्याला असा दिवस नीट दिसतच नाही. वैशाली नगरातील दुपारची सरही त्याला दिसत नाही.

दुसरे असे की, दुवा म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. दोन भाडेकरू एकाच तारखेला घरभाडे भरतात म्हणून ते एकमेकांचे नातलग ठरत नाहीत. दोघांचा पगार एकाच दिवशी होत असेल. दोन प्रदेशांचा पाऊसही तिसऱ्याच कुणाच्या, उदाहरणार्थ एल निनोच्या, तालावर नाचत असू शकतो. तिसरी अडचण सीमेची. अभ्यासाचा नकाशा देशाच्या सरहद्दीवर तोडला की सरहद्दीवरच्या बिंदूंचे निम्मे शेजारीच नाहीसे होतात आणि ते उगाचच दरिद्री भासू लागतात. राजस्थानचा बराच भाग या अन्यायाला पात्र ठरू शकतो. यासाठी शास्त्रज्ञांना स्वतंत्र दुरुस्ती करावी लागते. आणि जुन्या नोंदींवरून विणलेले जाळे बदलत्या हवामानात तसेच टिकेल, याची हमी कुणालाच देता येणार नाही.

कर्ज, विमा आणि पर्जन्यमापक

बँकिंगच्या दृष्टीने या साऱ्याचा संबंध दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न पैशाचा व शेतकऱ्याच्या संसाराचा आहे.

पहिला प्रश्न जोखीम विभागण्याचा. एखाद्या बँकेची पीककर्जे जयपूर, दौसा, टोंक या पट्ट्यात आहेत आणि तिने विदर्भातही मोठ्या प्रमाणावर कर्जवाटप केले आहे. दोन्हींत शेकडो किलोमीटरचे अंतर, भाषा निराळी, पिकेही बरीच निराळी. ताळेबंदात ही जोखीम विभागलेली दिसते. पावसाच्या लेखी ती तशी आहे काय? मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असा प्रवास करीत अनेकदा पूर्व राजस्थानपर्यंत येतात आणि वाटेत विदर्भालाही भिजवितात. ती आली नाहीत किंवा हा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की मध्य भारतात खंड पडतो आणि ही दोन्ही क्षेत्रे बहुधा बरोबरच कोरडी पडतात. त्याच दिवसांत पायथ्याच्या प्रदेशात व ईशान्येत पाऊस वाढतो. महाराष्ट्रातील पैसेवारी आणि राजस्थानातील गिरदावरी यांचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत तयार होतात, पण त्यांवरील आकडे एकाच आभाळाने लिहिलेले असू शकतात. १८९९ ने हेच दाखविले होते. याउलट, ईशान्य मान्सूनवर विसंबणारा तमिळनाडूचा किनारा या जाळ्यात खरोखर ‘दूर’ आहे. किलोमीटरऐवजी दुव्यांत अंतर मोजून कर्जांचा विस्तार तपासणे, हे या गणिताचे अगदी व्यवहारी उपयोजन ठरते.

दुसरा प्रश्न पर्जन्यमापक कोठे असावा, हा. भारतात हवामानाधारित पीक विमा २००७ च्या खरीप हंगामापासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. २०१६ पासून तो पुनर्रचित स्वरूपात, प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या जोडीने चालतो. महाराष्ट्रात संत्री, डाळिंब, द्राक्षे, केळी अशा फळपिकांसाठी तो राबविला जातो. या विम्यात शेतातील नुकसान मोजले जात नाही. अधिसूचित संदर्भ हवामान केंद्रावर पाऊस, तापमान इत्यादी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की भरपाई देय होते. ही व्यवस्था जलद आणि वादविरहित आहे खरी, पण केंद्रावर सर आली आणि शेत कोरडे राहिले तर शेतकऱ्याचे नुकसान होऊनही कागदोपत्री सारे आलबेल ठरते. वैशाली नगर आणि सांगानेर यांच्यातला मघाचा फरक शहरात गप्पांचा विषय होतो. शेतात तोच फरक हप्ता थकविणारा ठरतो. कर्जाची परतफेड या भरपाईवर अवलंबून असेल, तर हा धोका बँकेच्या खात्यातही उतरतो.

येथे जाळे दोन गोष्टी सांगू शकते. कोणते केंद्र आपल्या आसपासच्या किती क्षेत्राचे खरे प्रतिनिधित्व करते, हे त्याच्या दुव्यांवरून कळते. जोरदार पावसाच्या घटनांत शेजारच्या केंद्रांशी ज्याचे क्वचितच जुळते, त्याच्या भरवशावर मोठे क्षेत्र सोपविणे धोक्याचे. तसेच कोणती केंद्रे एकमेकांची पुनरावृत्ती करतात आणि कोणत्या एकट्या केंद्रावर दोन विभागांमधील माहिती तोलून राहिली आहे, हेही समजते. आयआयटी रुडकीत अध्यापन करणारे अंकित अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील पर्जन्यमापकांच्या जाळ्यावर अशी तपासणी करून २०२० मध्ये दाखविले की, सर्व केंद्रांचे मूल्य सारखे नसते. काही काढली तरी माहितीत विशेष घट येत नाही, तर काहींना पर्याय नसतो. नवे केंद्र बसविण्यास निधी अपुरा असतो तेव्हा, आणि तो नेहमीच अपुरा असतो, ही माहिती मोलाची ठरते.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाद्वारे महसूल मंडळ पातळीवर २,००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. राजस्थानातून मान्सूनची माघार सामान्यतः १७ सप्टेंबरच्या सुमारास, पश्चिमेच्या वाळवंटापासून सुरू होते. तोवर, म्हणजे जूनपासून, हवामान विभागाच्या प्रत्येक पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते. पाऊस झाला नसेल तर शून्य लिहावे लागते. जाळ्यासाठी हे शून्यही तितकेच लागते, कारण नोंद राहून गेलेला दिवस आणि कोरडा गेलेला दिवस यांत गणिताला आपणहून फरक करता येत नाही. चौकटींतील दैनंदिन पावसाची ही सामग्री पुणे येथील हवामान विभागाच्या संकेतस्थळावरून अभ्यासकांना घेता येते. आपल्या पिकाच्या विम्यासाठी कोणते संदर्भ केंद्र नेमलेले आहे, हे मात्र शेतकरी खातेदाराने राज्य शासनाच्या त्या हंगामाच्या अधिसूचनेत, विमा हप्ता भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. शाखेतील कृषी अधिकारी त्यासाठी साहाय्य करू शकतात.